दोन भोकांची परवानगी

जर्मनीत दहा-बारा वर्षं काढलेल्या मराठी माणसाच्या घरात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक म्हणजे जॅमच्या रिकाम्या बरण्या आणि दुसरे सरकारी ऑफिसांचे किस्से. दोन्ही टाकवत नाहीत, आणि कोणी घरी आलं की दोन्ही बाहेर निघतात. बॉबलिंगेनच्या आमच्या ग्रुपमध्ये कोणाकडे व्हिसाचा किस्सा आहे, कोणाकडे लायसन्सचा. एकाकडे नुसत्या कचऱ्याच्या डब्याचा आहे आणि तो पाऊण तास चालतो!

माझे किस्से मात्र चर्चचे आहेत. हसू नका. मी मीनल साठे, पुण्याच्या सहकारनगरची, रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावणारी, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारी. आमची शनिवारची मराठी शाळा जवळच्या एका गावातल्या जुन्या चर्चला लागून असलेल्या हॉलमध्ये भरते. चौदा मुलं आहेत. आपण मराठीत विचारायचं आणि त्यांनी जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, अशी शाळा. हॉल दिला तिथल्या पाद्रीबाई फ्राउ होफमान यांनी, आणि अट एकच घातली: चर्चच्या दुरुस्ती कमिटीवर तुमचा एक माणूस हवा.

तो माणूस निवडायला पालकांची मीटिंग झाली. मी तापाने घरी झोपले होते. सोमवारी कळलं की मी एकमताने निवडून आले आहे.

*

कमिटीच्या पहिल्या मीटिंगला एकच विषय होता, रेलिंग.

चर्चच्या दाराशी चार दगडी पायऱ्या आहेत. जुन्या, मधोमध झिजलेल्या, शेवाळलेल्या. बाजूला धरायला काही नाही. चर्चच्या घंटा, किल्ल्या, मेणबत्त्या सगळं सांभाळणारे हेर, म्हणजे श्रीयुत, एबर्ले ऐंशीला टेकलेले. गाडीच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि इथे रुजू झाले. बोलणं अगदी मोजकं. पायऱ्या चढताना ते नेहमी भिंतीवर तळवा टेकवून क्षणभर उभे राहायचे. आपल्याकडे देवळात शिरताना उंबऱ्याला हात लावतात ना, तसंच मला ते वाटायचं. मी घरी सांगायचेसुद्धा, 'काय श्रद्धा आहे हो त्या माणसाची!'

तर त्यांच्या बायकोचं, ट्रूडलबाईंचं, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तेव्हापासून त्या चर्चमध्ये आल्या नव्हत्या. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. त्याच चर्चमध्ये लग्न झालेलं, त्याच चर्चमध्ये आशीर्वादाची प्रार्थना व्हायची होती. पाद्रीबाई म्हणाल्या, दोन धडधाकट माणसं देते, खुर्चीवर बसवून वर नेतील. त्यावर ट्रूडलबाईंनी जो निरोप पाठवला तो पाद्रीबाईंनी आम्हाला मीटिंगमध्ये वाचून दाखवला.

"ज्या पायऱ्या चढून लग्न केलं, तिथून मला सोफ्यासारखं उचलून नेणार? रेलिंग लावा, मग येते. रेलिंग नसेल तर हाइनरला एकट्याला आशीर्वाद द्या!"

हाइनर म्हणजे आमचे हेर एबर्ले. ते मान खाली घालून बसले होते. मग म्हणाले, "अडचण रेलिंगची नाही. भोकांची आहे."

रेलिंग बसवायचं तर दगडात दोन भोकं पाडायला हवीत, आणि दगड पडला संरक्षित. त्यासाठी डेंकमालआम्टची, म्हणजे जुन्या वास्तूंच्या खात्याची, परवानगी हवी. तेव्हा मार्च सुरू होता. मी म्हटलं, "सात महिने आहेत की! आमच्या कंपनीत एवढ्यात अख्खं प्रॉडक्ट बाहेर पडतं."

पाद्रीबाईंनी माझ्याकडे फार मायेने बघितलं. "फ्राउ साठे, माझ्या आधी जे पाद्री होते त्यांनी इथे दिव्याच्या एका बटणासाठी अर्ज केला होता. ते बटण मी दाबलं!"

*

अर्ज मी लिहिला. फोटो काढले, मापं घेतली. कोणासाठी, या रकान्यात लिहिलं: फ्राउ एबर्ले, वय अमुक, खुब्याचं ऑपरेशन. दोन महिन्यांनी उत्तर आलं. उत्तर म्हणजे अकरा प्रश्न होते. दगड कुठल्या खाणीचा? पायऱ्या पूर्वी कधी हलवल्या होत्या का? पाण्याचा निचरा कुठल्या बाजूला? आणि सातवा प्रश्न होता, 'प्रस्तावित रेलिंगचा हेतू काय?'

पाद्रीबाई चिडल्या. मी लॅपटॉप उघडून मुद्दे काढायला लागले. वृद्धांचा सन्मान, सर्वांना प्रवेश, समाजाची जबाबदारी. पानभर मजकूर झाला. मलाच वाचून भरून आलं.

हेर एबर्ले शेजारी बसले होते. त्यांनी कागद ओढला, खिशातलं पेन काढलं आणि सातव्या प्रश्नापुढे एकच शब्द लिहिला. 'धरायला.'

पुढच्या पत्रात बाकीच्या दहाही प्रश्नांवर उपप्रश्न आले. सातव्यावर एक अक्षर नाही!

*

आमच्या शाळेतल्या एका मुलीचा बाबा समीर. गाड्यांच्या डिझाइनमध्ये काम करतो. त्याला राहवेना. "मीनलताई, कागदावर कोण अर्ज करतं आजकाल? मी थ्री-डी मॉडेल करून देतो. बघतील आणि लगेच सही करतील."

दोन वीकएंड घालवून त्याने फिल्म केली. चर्च हळूहळू गोल फिरतंय, पायऱ्यांवर मावळतीचं ऊन पडलंय, आणि एक पांढऱ्या केसांच्या आजी रेलिंग धरून हसत हसत वर जातायत. पार्श्वसंगीतसुद्धा होतं! आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पाठवून दिली.

आमची फाइल ज्यांच्याकडे होती त्या डॉक्टर फोग्ट यांचं उत्तर या वेळी चार दिवसांत आलं. डॉक्टर म्हणजे औषधाचे नाहीत, जुन्या दगडांचे. त्यांनी लिहिलं होतं, 'फिल्मबद्दल आभार. आम्ही सर्वांनी ती दुपारच्या सुट्टीत पाहिली. आजी फार छान जमल्या आहेत. कृपया आता कागदावर एक चित्र पाठवावे. ताजा कलम: तुमच्या फिल्ममध्ये सूर्य उत्तरेला मावळतो.'

समीर पुढचे तीन शनिवार मुलीला सोडायला आलाच नाही. त्याची बायको यायची.

*

जुलैत सासूबाई आल्या. तीन महिन्यांचा व्हिसा होता, परतीचं तिकीट ऑक्टोबरच्या त्या दुसऱ्या रविवारनंतर दोनच दिवसांचं. साताऱ्याला जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात त्यांची क्लार्कची सगळी नोकरी झाली. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसमधून घरी आले तर डायनिंग टेबलवर चर्चची सगळी पत्रं तारखेप्रमाणे लावलेली, भोकं पाडून टॅगमध्ये ओवलेली. जर्मनचं एक अक्षर येत नाही त्यांना!

"अहो आई, तुम्हाला कसं कळलं कुठलं पत्र आधीचं?"

"तारीख आणि शिक्का सगळीकडे सारखाच असतो. हे सांग, लाभार्थी कोण?"

मी म्हटलं, लाभार्थी म्हणजे ट्रूडलबाई.

"पाहणी केलीस?"

"कसली?"

"लाभार्थीची गं. माणूस न बघता फाइल पुढे सरकवायची नसते. चल."

गेलो. ट्रूडलबाई उंच, ताठ, गालांवर लाली. काठी दाराशी खुंटीला लटकवलेली. आईंनी लिंबाच्या लोणच्याची बाटली पुढे केली. ट्रूडलबाईंनी झाकण उघडून वास घेतला, डोळे मोठे केले आणि "आल्झो!", म्हणजे 'अस्सं का, थांबा मग!', म्हणून उठल्या. मी थांबा, मी आणते म्हणेपर्यंत त्या तळघराचा जिना उतरून गेल्यासुद्धा. दोन हातांत प्लमच्या जॅमच्या दोन बरण्या घेऊन वर आल्या. घरचा जिना, रोजची सवय, असं मला वाटलं. हेर एबर्ले खुर्चीतच होते. ते आम्हाला निरोप द्यायला दारापर्यंत आले, उंबऱ्याच्या अलीकडे थांबले.

आई फक्त "हं" म्हणाल्या. परतताना मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. पाहणी झाली." मग जरा वेळाने म्हणाल्या, "आता एक स्मरणपत्र पाठव. रागाचं नको, आठवणीचं. आणि फाइल नंबर सगळ्यात वर, ठळक लिही. त्यांना शोधायला लागलं की फाइल तळाला जाते."

पाठवलं. आठवड्यात फोन आला की डॉक्टर फोग्ट स्वतः येऊन पायऱ्या बघणार. मी आनंदाने ओरडलेच. आई भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "त्या बिचाऱ्याला नंबर सापडत नसेल."

*

आता पुढचा किस्सा सांगताना मला अजून घाम फुटतो.

डॉक्टर फोग्ट गुरुवारी येणार होते. बुधवारी संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर मेसेज पडला, 'उद्या साहेब येणार आहेत आणि पायऱ्यांकडे बघवत नाही!' बस. आपल्याकडे साहेब येणार म्हटलं की शाळेच्या भिंतीला चुना लागतो, झाडांना गेरू लागतो. हे रक्तातच आहे, जर्मन पासपोर्ट मिळाला तरी जात नाही. उजेड भरपूर होता. सात-आठ जण जमले, कोणी बादली आणली, कोणी सोडा. विदुला नावाच्या एका आईने इंडियन स्टोअरमधला काथ्याचा ब्रश आणला. मीही ओढणी खोचून बसले.

शेवाळ गेलं. कोपऱ्यातली माती गेली. पायऱ्यांशेजारच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला तव्याएवढा एक काळा तुकतुकीत डाग होता, तो काही केल्या निघेना. विदुला हट्टाला पेटली आणि तोही गेला! सगळं लखलखीत झालं. ग्रुपवर फोटो पडले. अंगठ्यांचा पाऊस पडला.

मी पाद्रीबाईंना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं नाही. मला वाटलं, भारावल्या असतील.

*

गुरुवारी डॉक्टर फोग्ट आले. बारीक, चष्मेवाले, हातात भिंग, बगलेत फाइल. पाद्रीबाई, हेर एबर्ले, मी, आणि चहाचा थर्मास घेऊन आई, असे आम्ही चौघं पायऱ्यांशी रांगेत उभे. त्यांनी फाइलमधून मीच मार्चमध्ये काढलेला फोटो बाहेर काढला. फोटोकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे.

"फ्राउ साठे, या फोटोत भिंतीवर एक डाग आहे. माणसांच्या हातांनी पडलेला. अशी वापराची खूण फार मोलाची असते. मी आज तिची नोंद करायला आलो होतो. कुठे आहे ती?"

पाद्रीबाई वर आभाळाकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "आम्ही ती... साफ केली."

"का?"

"तुम्ही येणार म्हणून."

त्यांनी चष्मा काढला आणि रुमालाने बराच वेळ पुसला. माझ्या डोळ्यांपुढे ऑक्टोबर बुडाला. ट्रूडलबाईंना काय तोंड दाखवायचं? तेवढ्यात हेर एबर्ले त्या दिवशी पहिल्यांदाच बोलले. "काळजी करू नका. येईल परत."

"डाग परत येईल? कसा?"

"येईल," हेर एबर्ले म्हणाले आणि बुटांकडे बघत राहिले. त्यांचा विनोद असा कोरडाच असतो असं मला वाटलं.

डॉक्टर फोग्ट मग आमच्या पराक्रमाने झालेलं नुकसान मोजायला पायऱ्यांवर वाकले. वाकले ते गुडघ्यांवर बसले. पहिल्या पायरीच्या कडेवरून बोट फिरवलं. चौथ्या पायरीवर फिरवलं. भिंग लावलं. आणि म्हणाले, "इंटरेसांट."

पाद्रीबाईंनी माझं कोपर गच्च पकडलं. त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, या खात्याच्या माणसाच्या तोंडून हा एक शब्द निघू नये म्हणून प्रार्थना करायची. एका गावात अशाच कुणीतरी जमिनीच्या फळीकडे बघून तो शब्द काढला होता. ती जमीन अजून उघडी आहे आणि त्यांची प्रार्थना अग्निशमन दलाच्या गॅरेजमध्ये होते!

"इकडे या," डॉक्टर फोग्ट म्हणाले. आम्ही वाकलो. दगडात दोन गोल करड्या टिकल्या होत्या, एक खालच्या पायरीत, एक वरच्या. "हे शिसं आहे. पूर्वी लोखंडी खांब दगडात बसवताना भोकात शिसं ओतायचे. इथे पूर्वी रेलिंग होतं! कधीतरी काढलं, शिसं राहिलं, वर शेवाळ चढलं. आमच्या जुन्या कागदांत याचा पत्ता नाही."

मी आईंना मराठीत सांगितलं. त्यांनी थर्मास खाली ठेवला. "म्हणजे भोकं आहेतच! मग हे नवीन काम कुठे आहे? ही तर दुरुस्ती. नवा अर्ज करू नका म्हणावं, जुन्याच फाइलला पुरवणी जोडा. दुरुस्तीला वरपर्यंत जावं लागत नाही."

मी ते जर्मनमध्ये सांगितलं. डॉक्टर फोग्ट उठून उभे राहिले. आईंकडे नीट बघितलं. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, ते हळूच म्हणाले. "या बाई कुठल्या खात्यात होत्या?"

निघताना ते पाद्रीबाईंना म्हणाले, "अधिकृतपणे मला या साफसफाईबद्दल कडक शब्दांत लिहावं लागेल."

"आणि अनधिकृतपणे?"

डॉक्टर फोग्ट माझ्याकडे वळले. "अनधिकृतपणे, ब्रश कुठला होता?"

*

मग रंगाचं प्रकरण झालं. रेलिंग काळं असावं एवढं सगळ्यांना मान्य होतं. पण कुठलं काळं? लोहाराने लोखंडाच्या सहा पट्ट्या रंगवून पायऱ्यांशी टांगल्या. उन्हात, ढगाळ हवेत, ओल्या, कोरड्या, अशा महिनाभर बघायच्या आणि मत द्यायचं. पाद्रीबाईंनी दुसरी निवडली. समीर एव्हाना परत यायला लागला होता, त्याने पाचवी. शाळेतल्या मुलांना विचारलं तर माझी इरा हात वर करून म्हणाली, "आले ग्लाइश!" म्हणजे सगळ्या सारख्याच. तेरा मुलांनी तिला अनुमोदन दिलं.

डॉक्टर फोग्ट आले, दहा मिनिटं टक लावून बघत राहिले आणि म्हणाले, "चौथी. तिसरी अजिबात नाही. तिसरी फार आधुनिक दिसते."

ते गेल्यावर लोहार माझ्याजवळ आला. "सांगू नका कोणाला. तिसरी आणि चौथी एकाच डब्यातली आहे."

*

सप्टेंबर संपता संपता परवानगी आली. नऊ पानी पत्र, शेवटच्या पानावर सही आणि शिक्का. मी ते पोस्टाच्या पेटीपाशीच उघडलं आणि तिथेच बसून रडले. खोटं कशाला सांगू? सात महिने ती दोन भोकं माझ्या मानगुटीवर बसली होती. आईंनी मात्र आधी शिक्का उजेडात धरून बघितला, मगच हसल्या. "आता नारळ आण."

रेलिंग बसवायच्या दिवशी लोहार होता, डॉक्टर फोग्ट होते, आम्ही सगळे होतो. आई नारळ घेऊन सरळ पहिल्या पायरीकडे निघाल्या. मी धावले. "अहो आई! पायरीवर नको! तो दगड संरक्षित आहे!"

आई थांबल्या. सगळे थांबले. पाद्रीबाईंना मी सांगितलं की नव्या कामाला आम्ही नारळ फोडतो. त्यांनी डॉक्टर फोग्टना विचारलं, "याला परवानगी लागते का?"

डॉक्टर फोग्ट यांनी खरंच विचार केला. "नारळ इमारतीला जोडणार आहात?"

"नाही."

"मग नाही लागत."

शेवटी लोहाराने गाडीतून लाकडाचा ओंडका काढला, त्यावर नारळ फुटला. खोबऱ्याचा पहिला तुकडा आईंनी डॉक्टर फोग्टना दिला आणि त्यांनी तो खायच्या आधी सगळ्या बाजूंनी नीट बघितला. दुपारपर्यंत रेलिंग उभं राहिलं. जुन्याच भोकांत, नवं शिसं ओतून. आईंनी दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघितलं आणि म्हणाल्या, "पास!"

ट्रूडलबाई मात्र बघायला आल्या नाहीत. त्यांचा निरोप आला, "रविवारी बघेन."

*

तो रविवार.

हेर एबर्ले नवरदेव असल्यामुळे घंटा वाजवायचं काम समीरला दिलं होतं आणि तो घंटा सोडायलाच तयार नव्हता. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना गाव उभं होतं, आमची चौदा मुलं होती, अगदी मागे कोट घातलेले डॉक्टर फोग्टसुद्धा होते. गाडी आली. हेर एबर्ले काळ्या सुटात उतरले. ट्रूडलबाई निळ्या ड्रेसमध्ये. काठी गाडीतच राहिली. दोन्ही हातांत फुलांचा मोठा गुच्छ होता.

मी पुढे झाले. म्हटलं, गुच्छ माझ्याकडे द्या, म्हणजे तुम्हाला रेलिंग धरता येईल. त्यांनी मान हलवली.

आणि चढल्या. एक, दोन, तीन, चार. ताठ. मध्ये कुठे थांबणं नाही. रेलिंगला एक बोटसुद्धा लागलं नाही.

वर गेल्यावर त्या वळल्या. हेर एबर्ले अजून खालीच होते. त्यांचा हात सवयीने भिंतीकडे गेला. तिथे तव्याएवढी जागा पुन्हा काळी पडायला लागली होती.

"हाइनर," त्या म्हणाल्या. "भिंत नाही. तिकडे."

हेर एबर्ले यांनी रेलिंगकडे बघितलं. मग वर बायकोकडे बघितलं.

"दोन्ही हातांनी," त्या म्हणाल्या.

त्यांनी दोन्ही हातांनी धरलं. एक पायरी चढले, थांबले. दुसरी चढले, थांबले. तिसऱ्या पायरीवर त्यांचे गुडघे थरथरताना आम्हाला सगळ्यांना दिसत होते, आणि कोणी हललं नाही. ट्रूडलबाई वर उभ्या राहून वाट बघत होत्या. अजिबात घाई नव्हती त्यांना. ते चौथी पायरी चढल्यावर ट्रूडलबाईंनी गुच्छ एका हातात घेतला आणि दुसरा हात नवऱ्याच्या हातात अडकवला. दोघं आत गेले.

माझ्या शेजारी आई पदराने डोळे पुसत होत्या. मग माझ्या कानाशी वाकल्या.

"मीनल, फाइलमध्ये लाभार्थीचं नाव चुकलंय."

"मग आता? दुरुस्त करायचं?"

"छे गं. मंजूर झालीय. बांधून ठेव."